बैलगाडीमागची मोटार

नांदुऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या भाऊंची लाल मोटार गोठ्यात, म्हशीशेजारी उभी असे. दोनच माणसांची, बिनटपाची, शर्यतीत पळणाऱ्या जातीची. कापसाच्या जिनिंग कारखान्याचा कुणी साहेब विलायतेला जाताना विकून गेला होता. तिला भाऊ मिस्त्रीचा हात लागू देत नसत. बॉनेट उघडण्याआधी टोपी काढून खुंटीला अडकवायचे, आणि सुटे केलेले भाग घरातल्या सुपात मांडायचे. वहिनींनी सूप मागितलं की म्हणायचे, “थांब ना व, तिचं काळीज हाय त्यात!”

एका दिवाळीनंतर इंजिन पुरतं खोलून जोडलं आणि मला शेजारी बसवून त्यांनी खामगावचा रस्ता धरला. आज वाऱ्यासारखं जायचं म्हणून मी कानाला रुमाल बांधला होता. गावाबाहेर पडतो तर पुढे कापसाच्या गाड्या. भाऊ त्यांच्यामागे बैलांच्या चालीनं मोटार चालवू लागले.

“भाऊ, काढा ना पुढं!”

“फुफाटा बसन बे कापसावर. सालभराची मेहनत हाय त्याइची.”

शेवटच्या गाडीवाल्यानं हात करून वाट दिली, तरी ते हलले नाहीत. असली मोटार इतकी हळू चालवली की हमखास तापते. ती आता बंद पडणार आणि आमचं हसं होणार, या धास्तीनं मी बॉनेटकडे बघत होतो. वाफ काही आली नाही.

खामगावात गाड्या बाजाराकडे वळल्या, तेव्हा भाऊंनी मोटारीचं दार थोपटलं.

“पळाले म्हनशीन त कोनतीबी पळते बे. हे बैलामांगं चालली, एक डाव खोकली नाही!”