मोडाच्या पिठाची पेज

गोवरातून उठलेला माझा धाकटा भाऊ काही केल्या खात नव्हता. तोंड आलेलं, अंगावर नुसती हाडं. पातळ पेज अंगी लागेना आणि घट्ट पेज घशाखाली उतरेना. आईला यावरचा उपाय ठाऊक होता, पण ती नुकतीच बाळंत झालेली. बाळंतिणीनं चुलीला शिवायचं नाही, आणि गोवराच्या पोराला तान्ह्याजवळ न्यायचं नाही. शेजारणीही गोवराला भिऊन फिरकत नव्हत्या. मी जेमतेम चुलीएवढी. मग चूल आली तात्यांकडे, म्हणजे आमच्या वडिलांकडे. देवा रे देवा!

तात्या गुळवे, म्हणजे उसाच्या रसाचा गूळ करणारे. बारामतीच्या कालव्याकाठच्या गुऱ्हाळांवर रसाची काहील उकळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यामुळे जे काही असेल ते खळाखळा उकळायचं, एवढंच त्यांना कळे.

आईचं माहेर इंदापूरकडचं, बाजरीच्या मुलखातलं. बाजरीला मोड आणून, वाळवून दळलेलं पीठ ती डब्यात भरून ठेवायची. खोलीतूनच ती म्हणाली, "ज्वारीची घट्ट पेज करा अन् त्यात मूठभर मोडाचं पीठ टाका. आपसूक पातळ हुतीया."

तात्यांनी रटरटत्या पेजेत पीठ टाकलं आणि वर आणखी जाळ घातला. पेज कपड्याच्या खळीसारखी झाली. भावानं पहिलाच घास थुंकला आणि भिंतीकडे तोंड फिरवून पडून राहिला.

"तुझं पीठ बाद झालंय," तात्या दाराशी जाऊन आईवर खेकसले.

"उकळत्यात टाकलं व्हय? मारलं की त्याला तुमी! खाली उतरवा, बोट सोसंल एवढं निवू द्या, मग टाका."

"पिठाला काय मारायचं? पीठ हाय का कोंबडी?"

पण त्यांनी पेज पुन्हा केली. खाली उतरवली आणि सारखं बोट बुडवून, चटके खात बसले. मग पीठ टाकून ढवळत राहिले. हळूहळू पळी सैल फिरायला लागली.

"पाणी घातलंस का गं?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाय, तात्या."

त्यांनी भावाला मांडीवर घेऊन एक चमचा भरवला. भावानं तो गिळला. मग त्यानं स्वतःहून आ केला. तात्या रडायला लागले. "खाल्ली गं त्यानं," त्यांनी आईला सांगितलं. आतून तिचे हुंदके ऐकू आले.

पुढं शाळेत विकर, म्हणजे एन्झाइम, शिकले तेव्हा मला ती पेज आठवली. बी मोडावलं की आपल्या अंकुराला भरवण्यासाठी ते विकर तयार करतं. स्वतः न संपता ही विकरं पिठूळ साठ्याचे तुकडे करून तो पातळ करत जातात, म्हणून मूठभर पीठ भांडंभर पेजेला पुरतं. उकळलं की मात्र त्यांची घडण मोडते आणि काम थांबतं. आई खरंच बोलली होती, मारलंच होतं तात्यांनी त्याला. बियाण्यानं आपल्या कोंबासाठी केलेली सोय तिनं आपल्या लेकरासाठी उचलली होती.

तात्या थकले, अन्न गिळेनासे झाले, तेव्हा मी तीच पेज केली. बोट घालून बघितलं, निवू दिली, मग पीठ टाकलं. मी भांडं घेऊन उशाशी बसले तर त्यांनी आधी माझं बोट हातात धरून पाहिलं.

"भाजलं न्हाय नव्हं?" म्हणाले, आणि आ केला.