सुवर्णाचा डोळ्यांचा तक्ता

यवतमाळहून निघताना ताईने बजावलं होतं, "सुवर्णाले घेऊनच ये." सुवर्णा तिची मुलगी, माझी भाची. पुण्याजवळ मोबाइलचे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात ती कंत्राटावर आहे. फोनवर डोळे दुखतात म्हणाली आणि ताईचा जीव टांगणीला लागला. मी निवृत्त मास्तर, रिकामा. मलाच पिटाळलं.

सकाळी स्वारगेटला पोहे खाल्ले आणि जिथे कारखाना आहे त्या लोणी काळभोरऐवजी थेट कात्रजच्या बसमध्ये बसलो. "अहो, पाटी वाचून चढायचं असतं," कंडक्टर म्हणाला. माझा चष्मा पिशवीत होता.

त्या दिवशी कारखान्यात घरच्यांना बोलावलं होतं. चपला काढून, पांढरा कोट घालून आम्हाला काचेआडून लाईन, म्हणजे बोर्ड जोडणाऱ्यांची रांग, दाखवली. आत गारवा, धुळीचा कण नाही. माझी शाळा इतकी स्वच्छ कधीच नव्हती. सुवर्णा सूक्ष्मदर्शकावर वाकली होती. तिच्या मनगटाला पट्टा, पट्ट्याला वायर आणि वायर टेबलाला जोडलेली. माझं डोकंच फिरलं.

"पोरींना बांधून ठेवता?"

सुपरवायझर शांतपणे म्हणाला, "अहो मास्तर, अंगातली वीज जमिनीत जाते त्यातून. नाहीतर बोर्ड खराब होतो. शाळेत शिकवलं असेलच की आपण."

मी मराठी शिकवायचो. पट्टा बोर्डाच्या काळजीपोटी होता, एवढं कळलं. सुवर्णाच्या काळजीपोटी काय होतं, ते विचारायचं राहिलं. मी काचेतून हात हलवला, पण तिने मान वर केली नाही.

संध्याकाळी लोणीतल्या तिच्या खोलीवर गेलो. दोन मैत्रिणींबरोबर राहते. वांग्याची भाजी झकास झाली होती. जेवण झाल्यावर म्हणालो, "सामान बांध."

"मामा, मले नेऊ नका. तिथं मी काय करू?" तिने उशीखालून कागद काढला. त्यावर इंग्रजी अक्षरांच्या ओळी होत्या. "उद्या डोळे तपासतात. नापास झाली तर कामावरून काढतीन. तक्ता दरवेळी तोच असते. खालच्या दोन ओळी दिसत नाहीत मले. पाठ करून घ्या न."

"आधी डॉक्टरला दाखव."

"दाखवतो न. सुट्टी भेटली का."

जन्मभर मी कॉपी करणारी पोरं वर्गाबाहेर काढली. आता चष्मा चढवून तो कागद धरला. शेवटच्या ओळीत ती दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा मी तिला दुरुस्त केलं. का केलं, ते अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये तिचा मेसेज आला, "मामा, पास झाली." मला आनंद झाला, पण ती नापास व्हायला हवी होती का, हा विचार यवतमाळपर्यंत सुटला नाही.

ताई दारातच उभी होती. "आणली नाहीस? डोळे कसे हायत पोरीचे?"

"तपासणीत पास झाली," मी म्हणालो.

ताईचे डोळे भरून आले. तिने देवापुढे साखर ठेवली, मग चिमूटभर माझ्या हातावर दिली आणि मी खाईपर्यंत समोरून हलली नाही.