वीणा खाली ठेवायची नाही

मी निघालो ते छातीच्या धडधडीमुळे. यवतमाळच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून "काही नाही" सांगितलं, तरी मी दिवसातून सहा वेळा मनगट धरून नाडी मोजायचो आणि वहीत लिहायचो. झरी जामणीकडे राहणाऱ्या मावशीचा फोन आला, "आमच्याकडं सप्ताह हाये. येऊन जाय. घरी मोजत बसला तं दुखणंच मोठं होते."

बाभुळगावहून पहिल्या एसटीने यवतमाळ, तिथून पांढरकवडा. स्टँडवरचा आलूबोंडा गरम असेल तरच घ्या. पुढे जीप, वीस रुपये, पण भरल्याशिवाय निघत नाही. वाटेत सागाचं जंगल, मधेमधे काळवंडलेला, न वेचलेला कापूस.

कापूस गेल्यामुळे गावातले बरेच पुरुष आदिलाबादकडे कामाला गेले होते. सप्ताहात सात दिवस कोणीतरी वीणा गळ्यात घालून उभं राहायचं. दोन-दोन तासांची पाळी, आणि वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. यंदा माणसं पुरत नव्हती. मावशीने मला न विचारता दुपारी बारा ते दोनच्या पाळीत माझं नाव दिलं.

"मले चक्कर आली तं?" मी विचारलं.

मांडवात मावशीसोबत पोळ्या लाटणाऱ्या बायका हसल्या. एक मावशीला म्हणाली, "पडला तं आधी वीणा धरजो माय. भाच्याले मंग पाहू."

एकच्या सुमारास धडधड सुरू झाली. एका हातात चिपळ्या, दुसरा तारेवर. मनगट धरायला हातच मोकळा नव्हता. मी मावशीकडे पाहिलं. तिने लाटणं न थांबवता मान हलवली, म्हणजे उभा राहा. मी विठ्ठलाचं नाव घेत राहिलो. धडधड केव्हा थांबली, सांगता येत नाही.

पुढच्या पाळीचे दौलतबुवा अर्धा तास उशिरा आले. "बैल सुटला होता, भाऊ. थकले काय?"

"नाही," मी म्हणालो. एकमेकांच्या पाया पडून वीणा त्यांच्या गळ्यात घातली. शेवटच्या पंगतीत वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली.

जाणार असाल तर आपल्या गोळ्या सोबत न्या. मावशीसुद्धा बीपीची गोळी घेऊनच लाटायला बसते.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी धडधड पुन्हा आली. मोजली, लिहिली. लिहिताना मागचं पान दिसलं. त्या दुपारची ओळ कोरी आहे. अंदाजाने आकडा टाकता आला असता. मी ती तशीच ठेवली, आणि मावशीला फोन करून पुढच्या वर्षीची बारा ते दोनची पाळी मागून घेतली.