भेटीची वेळ चार ते पाच

लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच आमचे हे फुप्फुसाच्या रोगानं मद्रासजवळच्या तांबरमच्या इस्पितळात पडले. भेट फक्त बुधवारी आणि रविवारी, चार ते पाच. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून हळूच सांगितलं, "पोंगलपर्यंत काढतील असं वाटत नाही." पोंगल म्हणजे आपली संक्रांत, आणि दिवाळी नुकतीच झाली होती. मी बोटं मोजली. भेटीचे फार तर पंधरा-सोळा तास.

दुसरी एखादी रडली असती. मी वही काढली.

तेवीस वर्षांची मॅट्रिक पास सातारकरीण मी, स्वतःच्या टापटिपीवर भलती खूश. एक मिनिट वाया घालवायचं नाही, असं ठरवलं. आधी ताप आणि औषधं. मग मळके कपडे बदलून घेणं. मग ऑफिसच्या कागदांवर सह्या. मग सासूबाईंचं पत्र वाचून दाखवणं आणि उत्तर लिहून घेणं. शेवटची पाच मिनिटं 'मनातलं बोलणे'. हो, असंच लिहिलं होतं, खाली रेघ मारून! ती बाई आज भेटली तर तिच्याच वहीनं तिला बडवीन. मनातल्याची पाळी येईपर्यंत यांना धाप लागलेली असे, आणि मी घड्याळाकडे बघत म्हणे, "हं, बोला ना."

एका बुधवारी मी पत्र वाचत होते. यांनी वहीवर हात ठेवला आणि म्हणाले, "सुम्मा इरु."

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे तमिळ मास्तर होते. दिवसभर ते यांना तमिळ शिकवत. ते खुदकन हसले. माझं डोकं फिरलं. माझं तमिळ आमच्या नुंगंबाक्कमच्या घरमालकिणीकडून उचललेलं. ती सकाळपासून चार पोरांवर "सुम्मा इरु!" म्हणून ओरडे आणि पाठोपाठ धपाटा घाली. म्हणजे गप्प बस! सगळ्या वॉर्डासमोर मला गप्प बस! मी पिशवी उचलली आणि वीस मिनिटं शिल्लक असताना तरातरा निघून आले.

रविवारी गेलेच नाही. कळू दे म्हटलं. चार वाजता तांदूळ निवडायला बसले, ते निवडून झाले तेव्हा निवडलेलेच पुन्हा निवडले.

खालच्या मजल्यावर तंजावरकडच्या एक आजी राहत. त्यांचं मराठी शंभर वर्षं जुनं आणि हेल तमिळ. त्या वर आल्या. "आज आयतवार न्हवे गे? गेली नाहीस?"

मी रडत सगळं सांगितलं. त्या आधी पोट धरून हसल्या, मग एकाएकी थांबल्या.

"वेडे, पोरांस म्हटलं तर गप्प बस. तुला म्हणाला तो म्हणजे, काही करू नको, नुसती बस. तुमचं उगी कसं आहे? रडत्या लेकरास उगी, आणि उगी आले म्हटलं तर कामावाचून आले. तसंच की गे हे!"

तेव्हा पावणेसहा झाले होते.

बुधवारी वही घरी ठेवून गेले. हे आणखी खंगले होते, पण वाढलेली दाढी जाऊन नुसते खुंट राहिले होते. मास्तरांनी सांगितलं, रविवारी मुद्दाम न्हावी बोलावला होता, आणि साडेतीनपासून उशीला टेकून दाराकडे बघत होते.

"रविवारी काय झालं गं?" यांनी विचारलं.

खरं सांगितलं असतं तर हसले असते. माझ्या तमिळच्या चुका ते जपून ठेवत. तमिळमध्ये दुधाला 'पाल' म्हणतात. मला त्या शब्दानं किळस यायची म्हणून मी तो आखूड करून 'पल' म्हणे, आणि वर्षभर गवळ्याकडे रोज दोन दात मागत होते. ती गोष्ट त्यांनी ऑफिसात किती जणांना सांगितली असेल! आणि ही तर तिच्याहून सरस होती. पण मला लाज वाटली.

"गाडी चुकली," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

मी हात हातात घेऊन बसले. फार पवित्र वगैरे काही वाटलं नाही. पाच मिनिटांत रॉकेल आणायचं आठवलं, मग पायाला मुंग्या आल्या. नुसतं बसणं मला येतच नव्हतं. तरी पाचपर्यंत बसले. येत्या रविवारी खरं सांगायचं आणि त्यांना हसवायचं, असं परतीच्या गाडीत पक्कं केलं. बघा, पुन्हा ठरवलंच!

शनिवारी सकाळी इस्पितळाचा माणूस दारात आला.

त्यानंतर ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल. हातवारे करून, घरमालकिणीचा आवाज काढून सांगते. भावाची नातवंडं तर लोळतात. ज्यांना हसवायचं होतं, ते मात्र माझी गाडी चुकली असं समजूनच गेले.