प्रार्थनेत उघडे डोळे

सन एकोणीसशे शहाऐंशी. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. फौजेतून हवालदार होऊन सुटलो, पुढं साताऱ्याकडं गावी राहिलो, आणि कारभारीण वारल्यावर मुलानं मला जयपूरला नेलं. मुलगा विमा कंपनीत अधिकारी, बदलीनं तिकडं गेलेला. तिलक नगरात भाड्याचं घर. मी आधी जात नव्हतो. दुसऱ्याच्या घरात नुसतं बसून खायची मला सवय नाही, मग ते घर मुलाचं का असेना. पण सूनबाई सी-स्कीम भागात बँकेत कामाला जायची आणि सहा वर्षांच्या नातीला शाळेत न्यायला-आणायला माणूस नव्हतं. काम आहे म्हटल्यावर गेलो.

शाळा ख्रिस्ती सिस्टरांची. एका जुन्या बंगल्यात भरायची, पाचवीपर्यंतच. अंगणात दगडाच्या गुहेत मेरीमातेची मूर्ती, तिच्यापुढं रोज झेंडूची फुलं. बाहेर कडुनिंब होता. मी पोरीला सोडून घरी येत नसे, त्या निंबाखाली बसायचो. पहिलीच्या वर्गाच्या खिडक्या बुटक्या होत्या, आतलं सगळं दिसायचं. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही गुरं सांभाळून जमेल तशी. त्यामुळं वर्गाची सिस्टर पोरांना काय काय करायला लावते ते बघायला मला गंमत वाटायची. ओल्या कापसात मूग पेरायचे आणि रोज कोंब बघायचे. भेंडी कापून तिचे रंगात ठसे काढायचे. रोज सकाळी एका पोरानं खिडकीशी येऊन आभाळ बघायचं आणि फळ्यावर सूर्य काढायचा की ढग ते ठरवायचं. जयपुरात बहुतेक सूर्यच.

हातवारे करून गाणी म्हणायचे. पाऊस आला की बोटं खाली, मासा पोहला की तळवे जोडून वळवळ. नात सगळं करायची, पण सगळ्यांच्या मागून. थोडंसंच मागून. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. परेडला असा एखादा जवान असतो, हुकमावर वळत नाही, शेजारचा वळला की वळतो. मी अशांना रांगेतून बरोबर उचलायचो. हिचं बघून मी म्हटलं, इंग्रजी कळत नाही पोरीला, दुसरं काय.

सिस्टरचंही तेच म्हणणं. ती केरळातली, तिची हिंदी माझ्याइतकीच मोडकी, त्यामुळं आमचं बरं जमायचं.

"बाबाजी, घर में थोड़ा इंग्लिश बोलिए. बच्ची समझती नहीं. मैं एक बात बोलती है, वो दूसरा करती है."

"घर में मराठी चलेगी," मी म्हटलं. "इंग्लिश सिखाना आपका काम है. हम आपको परेड सिखाने को बोला क्या?"

ती हसली. पण हसताना वर्गाकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

घरात मला वेगळंच दुखणं. पोरगी माझ्याशी बोलताना 'मतलब, मतलब' करायची, शब्दांची शेपटं खायची. संध्याकाळी परवचा म्हणायला बसवलं की माझ्या तोंडाकडं टक लावायची आणि पाढ्यातला प्रत्येक आकडा अर्धा गिळायची. पाठीमागून हाक मारली तर ओ द्यायची नाही. मला वाटलं, मराठी चालली हिची. जयपूरच्या दोन वर्षांत आजोबाची हाकसुद्धा हिला परकी झाली. मी घरात नियम केला, उंबऱ्याच्या आत मराठीशिवाय शब्द काढायचा नाही. हिंदीत विचारलं तर मी उत्तर देणार नाही. तो नियम मला आजही बरोबर वाटतो. पण तेव्हापासून पोरगी घरात बोलायचीच कमी झाली.

म्हणजे शाळा म्हणायची मराठीमुळं बिघडलं, मी म्हणायचो इंग्रजीमुळं. आणि पोरगी दोन्हीकडं गप्प.

डिसेंबरात, नाताळाच्या आधी, सिस्टरनं मला आत बोलावलं. पोरांनी देखाव्यासाठी मातीचे उंट, मेंढरं करून ठेवली होती. नातीचा उंट तेवढा उभा राहणारा, बाकीच्यांचे कलंडलेले.

"हाथ का काम बहुत अच्छा है," सिस्टर म्हणाली. "लेकिन बाबाजी, प्रेयर में आँखें बंद नहीं करती. सब बच्चा बंद करता है. ये सबको देखती रहती है. कितना बार बोला."

घरी येताना माझी छाती फुगली होती. हिंदूची पोर. पुढं येशूची तसबीर, मेणबत्ती, सगळी पोरं डोळे मिटलेली, आणि ही एकटी टक्क. कुणी शिकवलं नाही, आपलं आपण.

रात्री जेवताना मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आबा, तुमच्यावर गेलीय. उद्या सिस्टरलाच सावधान-विश्राम करायला लावेल."

आम्ही दोघं हसलो. सूनबाई हसली नाही. ती भाकरी वाढत होती, तिचा हात ताटावर थांबला आणि मग तिनं भाकरी माझ्याऐवजी पोरीच्या ताटात ठेवली.

सूनबाईचं एक मी पाहत होतो. ती पोरीला कधी हाक मारायची नाही. समोर जाऊन उभी राहायची, हनुवटी धरायची, मग बोलायची. कधी लांब असली तर पाय आपटायची फरशीवर. मी म्हणायचो, बँकेतला राग घरी काढते. एकदा म्हणालोही, "सूनबाई, पोर हाय, फौजेतला रंगरूट न्हाई." ती म्हणाली, "हो मामंजी," आणि आत गेली.

संक्रांतीला जयपुरात सगळं गाव गच्चीवर असतं. पतंग, थाळ्या बडवणं, 'वो काटा'चा कल्ला. आमच्या शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं, माझ्या कानाला दडे बसले. नात माझ्याजवळ मांजाची चक्री धरून उभी होती. डबा तिच्या पाठीशी हातभर अंतरावर. ती आभाळ बघत होती. तिच्या पापणीलासुद्धा काही झालं नाही.

त्याच आठवड्यात शाळेतून येताना ती माझ्यापुढं चालत होती, बोळातून, मधोमध. मागून उंटगाडी आली, फरशा लादलेली. गाडीवाला ओरडतोय, घुंगरू वाजतायत, ही आपली चाललीय. मी धावत जाऊन दंड धरून ओढली, उंटाचा गुडघा तिच्या दप्तराला घासून गेला.

"ताऊ, छोरी ने घर मांय राखो," गाडीवाला म्हणाला. "सड़क इसके बाप की है के?"

"बाप की ही है," मी म्हटलं. "तेरा ऊँट देखके चलेगा."

तो शिव्या देत गेला. मी पोरीकडं वाकलो. म्हटलं, घाबरली असेल. ती घाबरली नव्हती. उंट कुठून आला ते तिला कळत नव्हतं. ती बोळाच्या त्या टोकाकडं आणि या टोकाकडं बघत राहिली. मी तिचं बोट धरलं ते दारापर्यंत सोडलं नाही. पण घरी सांगितलं ते असं, की आपली पोरगी उंटालासुद्धा वाट देत नाही.

फेब्रुवारीत शाळेनं पालकांना बोलावलं. वर्षभरात पोरं काय शिकली ते दाखवायचं होतं. मुलगा-सून कामावर, मी गेलो. धोतर धुतलेलं, फेटा बांधलेला. सकाळपासून पश्चिमेचा कोरडा वारा होता, भिंतीवर लावलेले कागदी मासे फडफड करत होते आणि खिडक्या लावूनही बाकांवर धुळीचा थर बसत होता. एका मोठ्या कागदावर डोळा, नाक, कान, जीभ आणि हात काढलेले. त्याचा धडा झाला होता, तोच करून दाखवायचा होता.

आधी नाकाचं. कागद गुंडाळलेल्या बाटल्या हुंगून आत काय ते सांगायचं. नात पटकन पुढं गेली. लवंग, साबण, रॉकेल, सगळं ओळखलं. टाळ्या पडल्या. मी मिशीवरून हात फिरवला. शेजारी एका पोराचा बाप होता, सोनार असावा, म्हणाला, "बाबाजी, आपकी पोती तो तेज है." मी म्हटलं, "घर की है."

मग पिशवीत हात घालून वस्तू ओळखायची. तेही तिनं केलं.

मग कानाचं. पोरानं भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, डोळ्याला रुमाल. सिस्टर हळू पावलानं कुठल्याही कोपऱ्यात जाणार आणि छोटी घंटी वाजवणार. पोरानं तिकडं बोट करायचं. पोरांनी केलं. कुणी चुकीच्या कोपऱ्याकडं दाखवलं की सगळे हसायचे.

नातीची पाळी आली तेव्हा ती रुमाल बांधू देईना. मघाशी उड्या मारत गेलेली पोर, आता रुमाल ओढून खाली करत होती. सिस्टरनं तिला समजावलं, गाल थोपटला, बांधला. पोरगी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, हाताची घडी घालून.

सिस्टरनं दारापाशी घंटी वाजवली. पोरगी उभी.

खिडकीपाशी वाजवली. उभी.

पोरं हसायला लागली. सिस्टरनं त्यांना हातानं गप्प केलं. आता ती हसत नव्हती. ती चालत चालत नातीच्या अगदी मागं आली आणि वेणीजवळ घंटी धरून वाजवली. मला ती मागच्या बाकावर कानात टोचली. पोरगी उभी. तिच्या तोंडावर थोडं हसू होतं, रांगेत वाट बघताना असतं तसं.

मी उठलो. मला वाटलं, हे सगळं इंग्रजीचं आहे. तिला काय करायचं ते कळलेलं नाही. आपली भाषा कानावर पडली की वळेल. मी मैदानावर चारशे माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"बायडे, इकडं बघ."

सगळा वर्ग वळला. सोनार वळला. बाहेर अंगणातली माळीण खिडकीशी आली. भिंतीकडं तोंड केलेली पोरगी वळली नाही.

सिस्टरनं रुमाल सोडला. पोरीनं डोळे चोळले, मागं वळून आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि मला शोधून विचारलं, "आबा, झालं?"

पालक गेल्यावर सिस्टरनं मला थांबवून घेतलं. ती म्हणाली, "बाबाजी, ये भाषा की बात नहीं है. मैं भी गलत समझी. प्रेयर में वो आँख इसलिए खुला रखती है कि प्रेयर कब खतम हुआ, देखके ही मालूम पड़ता है." मग म्हणाली, कान लगेच दाखवा. आत काही साठलं असेल तर उपाय होतो, पण जितका वेळ जाईल तितकं उरलेलंही जातं.

संध्याकाळी मी मुलाला सांगितलं. तो बराच वेळ बूट काढत राहिला.

"एप्रिलमध्ये माझी बदली होतेय," तो म्हणाला. "पुण्याला मोठे डॉक्टर आहेत. तिथं दाखवू. इथं उगाच बोभाटा नको, आबा. मुलगी आहे. एकदा नाव पडलं की पुसत नाही."

"एप्रिल लांब हाय."

"दोन महिने काय लांब."

तेव्हा सूनबाई बोलली. "दिवाळीत तिच्या मागं फटाका फुटला होता. ती रांगोळी काढत होती. तिची रेघसुद्धा हलली नाही." ती नवऱ्याकडं बघत होती. "मी तेव्हाच तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, रंगात दंग आहे."

मी म्हटलं, "मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही म्हणाला असता, आमच्या घराण्यात असलं काही नसतं."

"म्हणालोच असतो," मी म्हटलं.

मुलगा एवढंच म्हणाला, की एप्रिलचं ठरलं, आता विषय नको. बाहेर वारा थांबला नव्हता, दाराखालून धूळ येत होती. पोरगी फरशीवर बसून त्या धुळीत बोटानं मासे काढत होती. आमच्यात काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा उठायच्या आत मी फेटा बांधला आणि पोरीला युनिफॉर्मऐवजी घरचा फ्रॉक घालायला लावला. दार उघडलं तर सूनबाई पायरीवर उभी, खांद्याला पिशवी. म्हणाली, "आज बँकेत जात नाही." आम्ही सायकलरिक्षा केली आणि सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीशी लांब रांग होती. आमचा नंबर आला तसा आतला माणूस मान वर न करता म्हणाला, "क्या तकलीफ है?" माझ्या मागं पन्नास माणसं उभी होती. फौजेत असताना मी तापातसुद्धा आजारी म्हणून नाव दिलं नव्हतं. मी खिडकीच्या गजाला धरलं आणि म्हटलं, "मेरी पोती है. इसको सुनाई नहीं देता." त्यानं चिठ्ठी दिली, कानाची खोली वरच्या मजल्यावर दाखवली. मी पोरीला उचलून घेतलं आणि जिना चढायला लागलो.