आंबिवली ते टेंभी नाका, मागे गाडा घेऊन

आधीच सांगते, मला अक्षर येत नाही. मी बोलतेय, माझी नात सोनल टाइप करतेय. तिने मध्येच काही गाळलं तर मला कळायचं नाही, पण तिला झोप लागायची नाही.

सोनलने नोकरी सोडून झुणका-भाकरीचा गाडा बनवायला टाकला. दोन चाकांचा, आमच्या पिकअपच्या मागे जोडायचा. नवरात्रात टेंभी नाक्याला जागा मिळालेली, पण अट होती: पहिल्या दिवशी दिवे लागायच्या आत गाडा पोचला नाही तर जागा दुसऱ्याला. आणि रोज रात्री गाडा परत न्यायचा. म्हणून त्या दिवशी सकाळीच आंबिवलीला गाडा आणायला निघालो. मी का गेले? कोणी बोलावलं नव्हतं म्हणून.

तिथे माझ्या मुलाने, किशोरने, हूक पसंत केला. हूक म्हणजे गाडा अडकवायचा लोखंडी गोळा. बंपरवर बसणारा, चकचकीत, स्वस्त. कारागिराने विचारलं, "वजन किती धरू?" किशोरने समोरचा रिकामा गाडा बघून सांगून टाकलं. बायकोही अशीच नुसता फोटो बघून पसंत केलेली त्याने. पण तिथे नशीब होतं.

कल्याणला वडापाव खाऊन दिवा गावात आमच्या घरी आलो. रिकामा गाडा मागून गुमान आला. मग सामान चढलं: शेगडी, सिलिंडर, पिठाचे डबे आणि पाण्याचे दोन पिंप, काठोकाठ. दिव्यात नळ कधी येईल ते नळालाच माहीत, आलेलं पाणी कोण सोडतं? गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि मागे कर्रर्र. बंपर वाकलेला, गाड्याने नाक खाली घातलेलं.

"पाणी ओतून टाकूया," किशोर म्हणाला.

"हळू बोल. दिव्यात उभा आहेस."

सोनल ऊन किती कललं तेवढंच बघत होती. शेजारच्या शांताबाई हंडा घेऊन धावत आल्या. "जय भीम, आजी. ओतता कशाला? आम्ही नेतो ना!" मागून कळशा, बादल्या, एकीचा तर कुकर. बघता बघता पिंप रिकामे.

तसेच हळूहळू शिळफाट्याच्या गॅरेजात गेलो. मिस्त्रीने बंपर बघितला आणि आधी चहा सांगितला.

"आजी, वजन भरलेल्या गाड्याचं धरायचं. हूक चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला बसवायचा, बंपर दिसायला असतो. गोळा आणि त्यावर बसणारी गाड्याची वाटी एकाच मापाची, नाहीतर खड्ड्यात सुटते. वर दोन साखळ्या."

"हे त्याला सांगा," मी किशोरकडे बोट केलं. नवा हूक बसेपर्यंत तो मोबाइलमधून वर बघेना.

मुंब्रा बायपास जपून पार केला. टेंभी नाक्याला दिव्यांच्या माळा टांगून झालेल्या, बटण दाबायचं बाकी. सोनलने गाडा लावला, मग त्याच्याच चाकाला टेकून रडली. पहिलं पीठ विकतच्या जारच्या पाण्याने मळलं. भाकऱ्या संपल्या.

दुसऱ्या दिवशी दिव्यात नळ आला. दार उघडते तर शांताबाई गाड्यावरच्या पिंपात हंडा ओतताहेत, मागे बाकीच्या, कुकरवालीसुद्धा.

"आजी, काल नेलं तेवढं परत."

तेवढं कुठलं, पिंप उतू चाललेला.

"अगं आजी, वजन वाढतंय," सोनल म्हणाली.

"वाढू दे. आता हूक बघून घेतलाय."