देव्हाऱ्यातला पांढरा दगड

पहिल्या एस.टी.ने नरखेड सोडले तेव्हा माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिथे पिशवी ठेवली. पिशवीत भाकरी आणि रुमालात बांधलेले दोन पांढरे दगड. विहीर खणताना ह्यांनी ते काढले आणि पाणी लागल्यावर देव्हाऱ्यात ठेवले. हे जाऊन तीन वर्षे झाली. तेव्हापासून त्यातला एक झिजत चालला आहे. शेजारच्या जाऊबाई म्हणतात, "विधवेचा हात लागते, म्हनून देव झिजून राहिला." देव्हारा त्यांच्या घरी न्यायचे ठरत होते. नागपूरला दगड ओळखणारे सरकारी दफ्तर आहे, असे शाळेतल्या बाईंनी सांगितले, म्हणून निघाले. एकटी पहिल्यांदाच.

नागपुरात दोन चुकीच्या दारांत उभी राहून आले. भूक लागली होती, पण हातगाडीवर तर्री-पोहे (हरभऱ्याचा तिखट रस्सा घातलेले पोहे) खायला सगळे पुरुषच होते. झाडाखाली भाकरी खाल्ली.

दफ्तराच्या दाराशी म्हातारा शिपाई बसला होता.

"काहून आली वं बाई? सोनं सापडलं का? इथं येनारा हर मानूस सोनंच घेऊन येते."

"दगड झिजून राहिला. दाखवाचा हाय."

"मंग जा आत. तू पहिलीच खरं बोलनारी."

आत काचेच्या कपाटांत दगड घराण्यांप्रमाणे मांडले होते. चष्मेवाल्या साहेबांनी दाखवले. जमिनीच्या कवचात वाळूच्या घराण्याचे सगळ्यांत जास्त, गारगोटी, अभ्रक वगैरे. शिवाय लोखंडाच्या गंजासारखे तांबडे, आणि चुन्याचे. मग त्यांनी माझ्या दोन्ही दगडांवर तेजाबाचा एकेक थेंब टाकला. एक तसाच राहिला. दुसऱ्यावर दुधासारखा फेस आला.

"ही गारगोटी. आणि हा चुन्याच्या घराण्यातला, आंबटानं विरघळतो. धुता कशानं?"

"चिंचेनं. देवाच्या पितळी भांड्यांसंगं. रोज."

दारातून शिपाई हसला. "देवाले भी चिंच सोसत नाही, बाई."

परतीच्या गाडीत रुमाल मांडीवर ठेवला. दोष विधवेपणाचा नव्हता. पण चिंच घासणारा हात माझाच होता, आणि घरात बोलायला कोणी नाही म्हणून मी तो दगड फार वेळ घासत बसे.

जाऊबाई ओट्यावरच होत्या. मी सगळे सांगितले.

"चिंच तं मीच सांगतली होती तुले," एवढेच म्हणाल्या आणि आत गेल्या.

देव्हारा माझ्याकडे राहिला. आता दोन्ही दगड नुसत्या पाण्याने धुते. काम लवकर आटोपते. मग उरलेली सकाळ फार मोठी वाटते.